भलत्याच पेपराचा अभ्यास

मराठी मध्यमवर्गीय घरात दहावीच्या परीक्षेला मूल कधी एकटे बसत नाही, सगळे घर बसते. आई पहाटे चारला उठवायला, वडील रिक्षा ठरवायला, आजी देवापाशी आणि शेजारच्या काकू हातावर दहीसाखर ठेवायला. २०२४च्या ऑगस्टमध्ये माझ्या पुतण्याची अमेरिकन वकिलातीत कामाच्या व्हिसासाठी मुलाखत ठरली, तेव्हा दादाच्या घरी हाच थाट पुन्हा मांडला गेला. फरक इतकाच, की परीक्षार्थी चोवीस वर्षांचा होता आणि अभ्यासक्रम काय आहे हे घरातल्या कुणालाच ठाऊक नव्हते. परीक्षार्थी धरून.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत एकतीस वर्षे काढली. त्यातली शेवटची चौदा कर्ज विभागात. म्हणजे चौदा वर्षे मी टेबलाच्या त्या बाजूला बसलो होतो, जिथून समोरचा माणूस आणि त्याची फाईल एकमेकांशी जुळतात की नाही एवढेच बघायचे असते. निवृत्तीनंतर या अनुभवाचा घरात काही उपयोग होईल असे वाटले नव्हते. तो झाला, आणि त्याचे फारसे कुणी आभार मानले नाहीत. पण ते पुढे.

पहिल्या दिवशी गेलो तर वहिनींनी टीपॉयवर फाईल मांडून ठेवली होती. काय नव्हते तिच्यात! कोथरूडच्या सदनिकेचा करारनामा, वाईजवळच्या वडिलोपार्जित जमिनीचा सात-बारा, मुदत ठेवींच्या पावत्या, दादाच्या पेन्शनचा आदेश, पुतण्याचे बालवाडीपासूनचे दाखले. “भावजी, घर आहे, जमीन आहे, आई-वडील आहेत, म्हणजे पोरगा परत येणार, हे त्यांना पटायला नको का?” वहिनींच्या धाकट्या बहिणीने अशीच फाईल घेऊन लेकीच्या बाळंतपणासाठी व्हिसा मिळवला होता. त्यामुळे या घरात तिचा शब्द वकिलातीच्या बरोबरीचा.

या फाईलला इतिहास आहे. वकिलात ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊसमध्ये, म्हणजे वांकानेरच्या राजांच्या जुन्या वाड्यात होती, तेव्हा त्या रस्त्यावरची रांग मुंबईच्या ओळखीची झाली होती. उन्हापावसात कागदांच्या पिशव्या छातीशी धरून माणसे उभी असायची. कुणाला नकार का मिळाला याच्या कथा गावोगाव जायच्या आणि प्रत्येक कथेतून एक कागद फाईलमध्ये वाढायचा. २०११च्या नोव्हेंबरात वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात गेली, रांगेचे रूप पालटले, पण फाईल तशीच राहिली.

ती तयार होण्यामागे कारणही आहे. अमेरिकेच्या १९५२च्या कायद्यात कलम २१४ (बी) म्हणून एक कलम आहे. पाहुणा म्हणून किंवा शिकायला जाऊ इच्छिणारा प्रत्येक माणूस तिथे कायमचा राहायलाच निघाला आहे असे गृहीत धरावे, आणि तसे नाही हे त्याने स्वतः पटवून द्यावे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे आरोपी दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष; इथे उलटे. त्यामुळे सात-बारा, मुदत ठेवी, म्हातारे आई-वडील हे सगळे परतीच्या तिकिटासारखे दाखवायची पद्धत पडली. आता, एच-१बी हा जो नोकरीचा व्हिसा आपली मुले मागतात, त्याला १९९०च्या कायद्याने या गृहीतकातून वगळले आहे. पुढेमागे तिथेच स्थायिक व्हायचे मनात असले तरी त्या कारणासाठी हा व्हिसा नाकारत नाहीत. म्हणजे ज्या प्रश्नासाठी वहिनी रात्री जागवून फाईल लावत होत्या, तो प्रश्नच या पेपरात नव्हता. पस्तीस वर्षे होत आली या गोष्टीला. पण कपाटातला सात-बारा अजून बाहेर निघतोच.

दुसरी तयारी मोबाईलवर चालली होती. कुठून तरी एकशे चाळीस प्रश्नांची यादी आली होती, उत्तरांसकट. नवनीतच्या गाईडवर वाढलेल्या पिढीला ती फार जवळची वाटली असणार. शिवाय एका क्लासची फी भरून पुतण्या दोन वेळा खोटी मुलाखत देऊन आला होता. मी म्हटले, चल, मी विचारतो. “अमेरिकेत जाऊन तू काय करणार?” माझे वाक्य संपायच्या आत इंग्रजीतून उत्तर सुटले, एका दमात, चार वाक्ये. शेवटच्या वाक्यात ‘ग्लोबल एक्सपोजर’ होते. मी म्हटले, आता हेच मराठीत सांग. तो थांबला. “काका, मराठीत कशाला विचारतील?” विचारणार नाहीत हे मलाही कळते. पण जे काम माणूस रोज आठ तास करतो ते त्याला आपल्या आईला समजेल असे सांगता येत नसेल, तर त्याने उत्तर पाठ केलेले आहे एवढाच त्याचा अर्थ निघतो.

कर्ज विभागातली एक गोष्ट सांगतो. एजंटाने पढवलेला अर्जदार ओळखायला आम्हांला कधी अडचण आली नाही. उत्तर चुकले म्हणून नव्हे. उत्तर फार बरोबर आले म्हणून. ज्याचे खरोखरच पिठाच्या गिरणीचे दुकान असते तो “महिन्याचे उत्पन्न किती?” म्हटल्यावर आधी छताकडे बघतो, मग म्हणतो, “सणाच्या महिन्यात बरं असतं साहेब, आषाढात काही खरं नाही.” पढवलेला माणूस लगेच आकडा सांगतो. खिडकीपलीकडचा अमेरिकन अधिकारी दिवसभरात अशी किती माणसे बघत असेल! तीच चार वाक्ये, तोच दम, तेच ‘ग्लोबल एक्सपोजर’. त्याला कंटाळा आला तरी माफ आहे. संशय आला तर आपलेच नुकसान.

मग त्या खिडकीत होते तरी काय? माझ्या मुलीची मुलाखत २०१६ साली झाली तेव्हा मी संकुलाबाहेरच्या फुटपाथवर होतो. आत मोबाईल नेता येत नाही, पिशवी नेता येत नाही. त्यामुळे बाहेर उभे असलेले आई-बाप म्हणजे माणसांचे लॉकरच. प्रत्येकाच्या हातात दोन-दोन फोन, खांद्याला मुलाची बॅग. तिथे मला एका अनोळखी गृहस्थांनी निकाल ओळखायची युक्ती शिकवली. जो रिकाम्या हाताने बाहेर येतो तो पास, कारण शिक्का मारायला पासपोर्ट आत ठेवून घेतात. ज्याच्या हातात पासपोर्ट दिसतो, त्याच्या आईकडे बघू नये. आणि ज्याच्या हातात चिठ्ठी असते त्याचे कलम २२१ (जी). म्हणजे नापास नव्हे, पण कागद अपुरे, किंवा चौकशी बाकी. ती आठवड्यात संपते किंवा महिने खाते.

मुलगी रिकाम्या हाताने आली. काचेपलीकडून माईकवर तीन प्रश्न, उभ्याउभ्याच. कंपनी काय करते, तू त्यात काय करतेस, पगार किती. इस्पितळांच्या बिलांचे सॉफ्टवेअर ती तपासायची. तिने म्हणे सांगितले, की रुग्ण एक आणि विमा कंपन्या दोन असल्या की आमचे बिल चुकते, ते चुकू नये हे बघायचे काम माझे. अधिकारी हसला. फाईल उघडलीच नाही.

कारण फाईलचे काम आधीच झालेले असते. नोकरी देणाऱ्या अमेरिकन कंपनीने तिकडच्या कामगार खात्यापुढे लेखी सांगितलेले असते, की या जागेसाठी, या गावी, इतका पगार देऊ. मग ती इमिग्रेशन खात्याकडे पिटिशन करते. तिथे वर्षाला ६५ हजार, आणि अमेरिकेतच पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार, अशी मर्यादा असल्याने बरीच वर्षे म्हाडाच्या घरांसारखी सोडत निघत आली. त्यातून नंबर लागला, पिटिशन मंजूर झाले, की मगच आपला मुलगा खिडकीसमोर उभा राहतो. मंजूर पिटिशनचे पेपर पुन्हा तपासत बसणे हे वकिलातीतल्या अधिकाऱ्याचे काम नव्हे. कागदात ज्याचे वर्णन आहे तो माणूस हाच का, आणि कागदात लिहिले आहे ते खरे का, एवढे तो बघतो. पगार कोण देणार? बसायचे कुठे, त्याच कंपनीत की तिच्या गिऱ्हाईकाकडे? पदवी कशातली? प्रश्न कोणतेही विचारोत, त्यांची उत्तरे पिटिशनमध्ये असतात. त्याला खोटे आढळले तर तो पिटिशन फेरविचारासाठी परत अमेरिकेला धाडतो.

म्हणून मंगळवारी रात्री मी पुतण्याला म्हटले, ती एकशे चाळीस प्रश्नांची यादी राहू दे, तुझे पिटिशन आण. बुधवारी मुंबईत बोटांचे ठसे द्यायचे, पार्ल्याला मावशीकडे मुक्काम आणि गुरुवारी सकाळी मुलाखत असा बेत होता. त्याने लॅपटॉप उघडला. कंपनीने पाठवलेली फाईल तीन आठवडे तशीच पडलेली होती. “दोनशे पानं आहेत काका, वकिलाची भाषा आहे.” कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून एकपाठ प्रिंट काढून आणली आणि जेवणे झाल्यावर वाचायला बसलो. तो वाचायचा, मी ऐकायचो. बँकेत नव्या अधिकाऱ्याला गहाणखत मी असेच मोठ्याने वाचायला लावायचो. डोळे ओळी गाळतात, तोंड गाळत नाही.

एकशे बाराव्या पानावर तो थांबला.

पुतण्या बी.एस्सी. आहे, कॉम्प्युटर सायन्स, तीन वर्षांची पदवी. अमेरिकेत पदवी चार वर्षांची. या व्हिसासाठी त्या पदवीच्या तोडीचे शिक्षण लागते, आणि कमी पडणाऱ्या प्रत्येक वर्षामागे त्या विषयातल्या कामाची तीन वर्षे धरतात. म्हणजे बी.एस्सी. आणि वर तीन वर्षे नोकरी. २०२१च्या शेवटी तो कामाला लागला; पिटिशन झाले तेव्हा दोन वर्षे चार महिने भरत होते. आठ महिने कमी. एकशे बाराव्या पानावर ते आठ महिने होते. नाव कधी न ऐकलेल्या एका कंपनीच्या लेटरहेडवर लिहिले होते, की हा तरुण आमच्याकडे प्रोग्रॅमर होता आणि त्याचे काम समाधानकारक होते. त्या आठ महिन्यांत हा तरुण प्रत्यक्षात शेवटच्या वर्षाच्या परीक्षा घरात बसून देत होता. करोनाचे दिवस होते.

“हे मी नाही दिलेलं,” तो म्हणाला. मला ते पटले. त्याने कंपनीच्या माणसाला त्या रात्रीच फोन लावला. तो माणूस गोड बोलत होता. असे सगळ्यांचेच करावे लागते, कुणी विचारत नाही, विचारलेच तर पत्रातली तारीख तेवढी लक्षात ठेव. मुलाखतीची तयारी म्हणून त्या मुलाला मिळालेला हा सर्वांत नेमका सल्ला होता.

त्यानंतर दादाच्या हॉलमध्ये जे झाले ते रात्री दोनपर्यंत चालले. वहिनींचे म्हणणे मी आजही चूक म्हणणार नाही. “भावजी, आठ महिने. खून नाही, दरोडा नाही. पोराला काम येतं ना? कुणाचं काय नुकसान होतंय?” दादा गप्प होता. तो आयुष्यभर सरकारी नोकरीत होता; कागदाची भीती त्याला माझ्याइतकीच. मी कायदा सांगितला. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगून व्हिसा मिळवायचा नुसता प्रयत्न केला, तरी अमेरिकेच्या कायद्याने माणूस कायमचा अपात्र ठरतो. सूट मागता येते, पण ती हक्काची नव्हे. साध्या नकारानंतर पुन्हा अर्ज करता येतो. हा शिक्का मात्र म्हातारपणी नातवंडे बघायला जातानाही पुसलेला नसतो. आणि समजा गुरुवारी निभावले, तरी पत्र फाईलमधून जात नाही. मुदत वाढवताना, कंपनी बदलताना, ग्रीन कार्डाच्या वेळी ते पुन्हा निघणार. फॉर्म त्या लोकांनीच भरून पाठवला होता हे खरे, पण खिडकीसमोर उभे राहून स्वतःच्या तोंडाने ‘हो’ म्हणणे अजून व्हायचे होते.

कायद्यापलीकडे माझे आणखी एक म्हणणे होते, ते त्या रात्री मला नीट मांडता आले नाही. आपण मुलांना लहानपणापासून परीक्षा ‘काढायला’ शिकवतो. विषय समजला नाही तरी चालेल, अपेक्षित प्रश्न पाठ कर. मग तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी त्यांच्याच नावाने तयार झालेली दोनशे पाने त्यांना वाचावीशी वाटत नाहीत. वकील बघेल, कन्सल्टंट बघेल, आई फाईल लावेल. ज्या कागदावर आपले पुढचे आयुष्य उभे राहणार तो आपण वाचलेला नाही, याची लाज वाटण्याऐवजी त्या कागदातल्या तारखा पाठ करायची तयारी होते. या असल्या तयारीला मी तयारी म्हणत नाही.

बुधवारी पहाटे पुतण्याने मुलाखत रद्द केली. निर्णय त्याचा होता. मी तो घेतला असे वहिनी समजतात. कंपनीला त्याने चार ओळींचा मेल लिहिला, की हे पत्र खरे नाही, ते काढून टाका. उत्तर आले नाही. महिन्याभराने पिटिशन मागे घेतल्याचे कळले.

आता यातला मला न आवडणारा भाग. २०२४ संपायच्या सुमारास त्याची तीन वर्षे आपोआप भरली. आठ महिने खरे झाले. २०२५च्या मार्चच्या सोडतीत दुसऱ्या, बऱ्या कंपनीकडून नाव घातले, लागले नाही. त्या सप्टेंबरात अमेरिकेच्या अध्यक्षांनी परदेशातून नव्याने बोलवायच्या माणसामागे कंपनीने एक लाख डॉलर भरावेत अशी घोषणा काढली आणि त्या बऱ्या कंपनीनेही हात वर केले. पहिल्या कंपनीकडून याच्याबरोबर नंबर लागलेला एक मुलगा मात्र गुरुवारच्या त्याच आठवड्यात मुलाखतीला गेला, त्याला दोन प्रश्न विचारले, तो रिकाम्या हाताने बाहेर आला. आज तो टेक्सासमध्ये आहे. त्याच्या फाईलमध्ये काय होते मला ठाऊक नाही. वहिनी मात्र त्याचे टेक्सासचे फोटो मला न चुकता दाखवतात.

तरीही ज्यांच्या घरी सध्या मुलाखतीची तारीख आलेली आहे त्यांना मी तेच सांगेन. डिसेंबर २०२५पासून तर एच-१बीवाल्यांना आपली समाजमाध्यमांवरची खाती तपासणीसाठी खुली ठेवायला सांगितले गेले, आणि त्या कामापायी कितीतरी जणांच्या तारखा महिनोन्‌महिने पुढे गेल्या. लिंक्डइनवर मुलाने स्वतःला ‘सीनियर आर्किटेक्ट’ म्हणवून घेतले असेल आणि पिटिशनमध्ये तो साधा प्रोग्रॅमर असेल, तर तो फरक आता खिडकीपाशी पोहोचण्याआधीच कुणीतरी वाचणार. म्हणून मुलाला ती पाने मोठ्याने वाचायला लावा. न समजलेले वाक्य वकिलाला विचारायला लावा; पैसे तो त्याचेच घेतो. कामाबद्दल विचारायचे असेल तर आजीला विचारू द्या, तिला समजले की अमेरिकनाला समजेल. सात-बारा कपाटात राहू द्या. (आई-वडिलांना पाहुणे म्हणून जायचे असेल त्यांची गोष्ट निराळी. त्यांनी आपल्या घराबद्दल विचारल्यास घराबद्दल जरूर सांगावे, आणि इंग्रजीची भीती वाटत असेल तर मराठीत बोलू का म्हणून विचारावे. मुंबईच्या वकिलातीत तशी सोय असते.) आणि सगळे वाचून झाल्यावर एखादे एकशे बारावे पान निघालेच, तर ते मुलाखतीच्या दोन दिवस आधी निघण्यापेक्षा दोन महिने आधी निघालेले बरे. आमच्याकडे तीन आठवडे हाताशी होते. ते आम्ही दही, फाईल आणि ‘ग्लोबल एक्सपोजर’मध्ये घालवले.

पुतण्या हिंजवडीला जातो-येतो. हल्ली त्याला काम विचारले तर छताकडे बघून उत्तर देतो, हे मी पाहिले आहे. दादाला पाठकोरे कागद फेकवत नाहीत. त्या दोनशे पानांच्या मागे तो दुधाचा आणि इस्त्रीवाल्याचा हिशेब मांडतो. परवा गेलो तेव्हा ऐंशीएक पाने संपली होती.